चावी देण्याआधी मेंटेनन्सचा हिशेब मांडा

महोदय,

पदपथावर, पुलाखाली किंवा रूळांकाठी राहिलेल्या कुटुंबांना वसलेल्या सोसायट्यांच्या आवारात घरे द्यावीत की नाहीत, यावर सध्या तावातावाने बोलले जाते. २०२३ मध्ये मुलुंड पूर्वेला प्रकल्पबाधितांसाठी ७,४३९ घरांची योजना आली तेव्हा रहिवासी रस्त्यावर उतरले. ठाणे, पुणे, नाशिकमध्ये मोठ्या भूखंडावरच्या गृहप्रकल्पांत २० टक्के घरे दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाला द्यायची आहेत, तिथेही तीच कुजबुज असते. एका बाजूने ‘भाव पडतील, चोऱ्या होतील’ म्हणतात, दुसऱ्या बाजूने ‘तुम्हाला माणुसकी नाही’. आम्ही गृहनिर्माण संस्थांचे हिशेब आणि रोजचे व्यवस्थापन पाहतो. आमच्या मते ही कुटुंबे वसलेल्या आवारात राहू शकतात आणि त्यांना तिथेच घरे द्यायला हवीत. मात्र चावी देण्याआधी मेंटेनन्स, पाणी आणि पहिल्या वर्षाची सोबत यांचा हिशेब मांडला नाही, तर चौथ्या-पाचव्या महिन्यात भांडण ठरलेले आहे. तिथे चांगल्या मनाचे शेजारीही काही करू शकत नाहीत.

आधी घर मिळते कुणाला, ते पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक बेघर मोजले गेले, त्यातले दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडे निवारा केंद्र असायला हवे. त्यात माणशी ५० चौरस फूट जागा धरली आहे. हा निवारा झाला, घर नव्हे. फुकट घराचा रस्ता झोपडपट्टी पुनर्वसनातून जातो, आणि तिथे १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. २००० नंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचा पुरावा असेल तर अडीच लाख रुपये भरून घर. पदपथावरच्या बाईकडे हा पुरावा कुठून असणार? महापालिकेची गाडी वर्षातून दोनदा छप्पर उचलून नेते, त्यात कागदही जातात. उदरनिर्वाहाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्याच खटल्यात म्हटले. त्याच निकालात नोटीस देऊन हटवायला मुभाही दिली. त्यामुळे फ्लॅटपर्यंत पोचणारे कुटुंब हे पंधरा-पंचवीस वर्षे कागद जपून ठेवू शकलेले कुटुंब असते. ‘कोण कुठले येतील’ ही भीती बाळगणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

आतापर्यंत या लोकांना मानखुर्द, वाशी नाका, माहुल इथे एकगठ्ठा नेले. मानखुर्द-गोवंडी भागातल्या काही वसाहतींत इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. खालच्या मजल्यांना ऊन लागत नाही, वारा फिरत नाही, आणि तिथे क्षयाचे रुग्ण मोकळ्या मांडणीच्या वसाहतीपेक्षा बरेच जास्त असल्याचे पाहणीत दिसले. माहुलला तर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणामुळे राहण्याची सक्ती करता येणार नाही असे ठरवले आणि पर्यायी घर किंवा महिना १५,००० रुपये भाडे द्यायला सांगितले. ‘त्यांना दुसरीकडे न्या’ म्हणणाऱ्यांनी हे दुसरीकडे कसे असते ते जाऊन पाहावे. पण मुलुंडकरांचा एक मुद्दा आम्हाला मान्य आहे. ७,४३९ घरे म्हणजे घरटी पाच माणसे धरली तर एका जागी ३७ हजार लोक. एवढ्या माणसांची शाळा, दवाखाना, मलवाहिनी आधी उभी केली नाही, तर ते वसलेल्या वस्तीत सामावून घेणे होत नाही, दुसरे माहुल होते. आक्षेप या आकड्याला असावा, येणाऱ्या माणसांना नसावा.

आता बिलाकडे येतो, कारण सगळे तिथेच अडते.

आपल्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीतले सेवाशुल्क प्रत्येक सदनिकेला सारखे असते. तीनशे फुटांच्या घरालाही तेवढेच, बाराशे फुटांच्या घरालाही तेवढेच. लिफ्टचा खर्चही सारखाच वाटला जातो. पाणी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर असते, एवढाच फरक. एकसारख्या घरांच्या इमारतीत हा नियम न्याय्य आहे. पण आवारात क्लब हाउस, तरणतलाव, तीन पाळ्यांचे सुरक्षारक्षक आणि जनरेटर असतील आणि वर सांगितलेल्या २० टक्क्यांतले, लॉटरीत लागलेले छोटे घर त्याच सोसायटीत असेल, तर त्या घरालाही महिना पाच-सहा हजारांचे बिल येते. घरकाम आणि हातगाडीवर चालणाऱ्या घराला ते झेपत नाही. दोन महिने कसेबसे भरले जाते, तिसऱ्याला अर्धे भरतात, मग बंद. कमिटी नोटीस लावते, नाव फलकावर येते, आणि ‘फुकटे’ हा शब्द जिन्यात ऐकू येऊ लागतो.

पुनर्वसनाची इमारत स्वतंत्र असेल तरी हिशेब सोपा नाही. १२० घरांची, बावीस मजली, दोन लिफ्टची इमारत धरा. महिन्याचा खर्च साधारण असा मांडता येतो: लिफ्टचा देखभाल करार १२,००० रुपये, लिफ्ट-पंप-जिन्याचे दिवे मिळून वीज ४५,०००, दोन सफाई कामगार २८,०००, रखवालदार ३६,०००, पाणी २०,०००, किरकोळ दुरुस्ती १५,०००. एकूण १,५६,०००, म्हणजे घरटी १,३०० रुपये. विकासकाने प्रत्येक घरामागे ४०,००० रुपयांचा कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठीची कायम ठेव, भरला असेल तर ४८ लाख जमा होतात. सात टक्क्यांनी वर्षाला ३,३६,००० व्याज, महिन्याला २८,०००, घरटी २३३ रुपये. म्हणजे कॉर्पसने बिलाचा जेमतेम सहावा हिस्सा भागतो. लोकांना मात्र ‘दहा वर्षे मेंटेनन्स नाही’ असे सांगून चावी दिलेली असते. हे सांगणारा कुणीही असो, तो त्या कुटुंबांचे नुकसान करतो.

उरले १,०६७ रुपये. यात दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) अजून धरलेलाच नाही. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के दरसाल घ्यायचा असतो. घराचा बांधकाम खर्च दहा लाख धरला तर वर्षाला १०,००० रुपये, महिना ८३३. पुनर्वसनाच्या फार थोड्या सोसायट्या हा गोळा करतात. मग दहा-बारा वर्षांनी गच्चीचे वॉटरप्रूफिंग निघते, बाहेरचे पाइप गंजतात, आणि तिजोरीत काहीच नसते. बाहेरून पाहणारा म्हणतो, यांनी इमारतीची वाट लावली. प्रत्यक्षात दर महिन्याला लागणाऱ्या १,९०० रुपयांपैकी निम्मेही गोळा करायची सोय पहिल्या दिवसापासून कुणी केलेली नसते.

आणि १२० पैकी ३० घरांनी भरले नाही तर? महिना ३२,००० रुपयांची खोट. विजेचे बिल थकवता येत नाही, म्हणून कमिटी ठेव मोडते. ठेव मोडली की व्याज घटते, पुढच्या महिन्याची खोट वाढते. दीड-दोन वर्षांत एक लिफ्ट कायमची बंद पडते. अठराव्या मजल्यावरची म्हातारी खाली येणे सोडते, पोरांना शाळेत सोडायला कुणी राहत नाही, आणि मग लोक घर भाड्याने देऊन जुन्या फूटपाथच्या जवळ परत जातात. ‘घर दिले तरी विकून परत रस्त्यावर आले’ असे जे म्हटले जाते, त्यातल्या बऱ्याच गोष्टी या बंद लिफ्टपासून सुरू झालेल्या असतात. एक दिलासा आहे: मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, तेवढा बोजा तरी नाही.

यावर उपाय करता येतो, पण करारात, नोंदणीआधी. खर्चाच्या तीन पिशव्या करा. पहिलीत गेट, आतला रस्ता, भूमिगत टाकी, अग्निशमन, सांडपाणी प्रक्रिया, जे सगळ्यांचे आहे ते. दुसरीत त्या त्या इमारतीची लिफ्ट, जिना, सफाई. तिसरीत क्लब आणि तरणतलाव, ज्याने सभासदत्व घेतले त्यानेच भरायचे. प्रत्येक इमारतीची सोसायटी वेगळी आणि पहिल्या पिशवीसाठी सगळ्यांचा एक फेडरेशन, अशी रचना मोठ्या आवारात उत्तम चालते. एकच सोसायटी असेल तर इमारतवार खाती आणि ऐच्छिक सुविधांचे वेगळे शुल्क उपविधींच्या दुरुस्तीत लिहून सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून मंजूर करून घ्यावे. नुसता सर्वसाधारण सभेचा ठराव पुढच्या सभेत फिरवता येतो, म्हणून तो पुरेसा नाही.

वसुलीची तारीखही महत्त्वाची. दहा तारखेपर्यंत एकरकमी १,९०० ही पगारदारांची पद्धत आहे. रोज किंवा आठवड्याला पैसे हातात येणाऱ्यांना आठवड्याला ४७५ भरणे जमते. भायखळ्याच्या पदपथावर १९८६ पासून उभ्या राहिलेल्या महिला मिलन या संघटनेच्या बायका रोज दारोदार जाऊन दोन-पाच रुपयांची बचत गोळा करत आल्या आहेत. मजल्यामजल्यावर अशी एक बाई नेमा, पावतीबुक द्या, मोबाइलवर भरण्याची सोयही ठेवा. उपविधींत थकबाकीवर सालाना २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येते. पहिल्या वर्षी ते लावू नये, कारण एकदा व्याज चढले की मुद्दल भरायचीही उमेद जाते. त्यानंतरही जो मुद्दाम भरत नाही, त्याच्यासाठी सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखला आहे. पाणी तोडणे हा वसुलीचा मार्ग नाही. काही कमिट्या ते करतात आणि स्वतःच अडचणीत येतात.

पाण्याची भीती खरी आहे, म्हणून तीही आकड्यातच सांगतो. माणशी १३५ लिटर, घरात पाच जण, १२० घरे: रोज ८१,००० लिटर. एवढ्या पाण्याची वेगळी टाकी, वेगळा पंप आणि वेगळे मीटर भोगवटा प्रमाणपत्राआधी दाखवा, असा आग्रह जुन्या रहिवाशांनी जरूर धरावा. पाणी सामाईक टाकीत आले की दोन माणसांच्या घराला पाच माणसांचा वापर डोळ्यांत खुपतो, आणि दोघांपैकी कुणाचीच चूक नसते.

बांधकामातली एक लहानशी बाब इथे नीट सांगायला हवी, कारण तिच्यामुळे माणसांची नावे खराब होतात. तीनशे फुटांच्या घरात कपडे धुवायला मोरी नसते. धुणे-भांडी सगळे न्हाणीघरात होते. तिथल्या नहाणी ट्रॅपची (सांडपाणी पाइपात जाते त्या जमिनीतल्या तोंडाची) जाळी बारीक आणि उथळ असते. तांदळाची शिते, राख, केस, साबणाचा फेस एकदम आला की पाणी तुंबते, म्हणून बायका जाळी काढून ठेवतात. मग चिंधी, भांडी घासायची काथ्याची घासणी, पोरांचे काहीबाही सरळ पाइपात जाते आणि तळमजल्याच्या वळणावर अडकते. वरून वीस मजल्यांचे पाणी येतच असते, ते पहिल्या मजल्यावरच्या घरात उलटे फुटते. मग सभेत म्हणतात, यांना फ्लॅटमध्ये राहता येत नाही. उपाय दोनच आहेत: न्हाणीघरात खोल ट्रॅप आणि काढून धुता येईल अशी स्टीलची टोपली, आणि तळाच्या वळणावर उघडता येणारे तोंड, जे महिन्यातून एकदा साफ होईल. घरामागे हा खर्च किरकोळ आहे. नकाशा काढतानाच हे लिहिले तर पुढची कितीतरी भांडणे वाचतील.

दुसरी गोष्ट कामाच्या जागेची. पदपथावर माणसे राहतात तशीच कामही करतात. फुलांचे हार, टोपल्या, भंगार निवडणे, चिंध्यांच्या गाठोड्यांचा धंदा. घरात जागा नाही, म्हणून माल तळमजल्याच्या पार्किंगमध्ये आणि जिन्याखाली साठतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या पुनर्वसन इमारतीत पार्किंगमध्ये आग लागली, तिथे वाहने आणि जुन्या कपड्यांचा साठा होता. धूर जिन्यातून वर गेला आणि माणसे गेली. ‘सामान ठेवू नका’ असा फलक लावून हा धोका टळत नाही. हातगाड्यांना बांधलेली जागा द्या, कपडा-कागदासाठी मुख्य इमारतीपासून अलग, पत्र्याच्या दाराची खोली द्या, आणि जिना रोज मोकळा पाहण्याचे काम एका माणसाकडे नाव घालून द्या. अग्निसुरक्षेचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) जानेवारी आणि जुलैत भरायचा असतो. पुनर्वसन इमारतीत तो कोण भरणार, हे ताबा देतानाच लिहून ठेवावे.

कुणाला कुठल्या मजल्यावर घर द्यायचे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून ‘पाथवेज टू हाउसिंग’ने रस्त्यावरच्या माणसांना साध्या इमारतींत घरे दिली, तेव्हा एका इमारतीत २० टक्क्यांहून जास्त घरे घ्यायची नाहीत असा नियम ठेवला. फिनलंडमध्ये वाय फाउंडेशन १९८५ पासून साध्या इमारतींतले सुटे फ्लॅट विकत घेऊन बेघरांना भाड्याने देते. विखरून ठेवा, हा त्यांचा धडा. आपल्याकडे तो जसाच्या तसा लावणे चूक ठरेल, कारण तिथे बहुतेक एकटी माणसे होती, इथे कुटुंबे आहेत. ही कुटुंबे एकमेकींच्या भरवशावर कामाला जातात: पोर शेजारणीकडे, म्हातारा शेजारच्या नजरेत. इथला आपला अनुभव वेगळा आहे. २००० च्या सुमारास मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी (एमयूटीपी) रूळांकाठची हजारो घरे हलवताना स्पार्क, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि महिला मिलन या संस्था-संघटनांनी जवळजवळ राहणाऱ्या सुमारे पन्नास कुटुंबांचे गट करून त्यांच्याच सोसायट्या घडवल्या. आमचे मत दोन्हींच्या मधले आहे. एका पदपथावरची आठ-दहा कुटुंबे एकाच किंवा लागून असलेल्या दोन मजल्यांवर ठेवा, आणि असे दोन-तीन गट आवारातल्या वेगवेगळ्या इमारतींत. सरसकट सोडतीने प्रत्येकाला वेगळ्या मजल्यावर फेकणे हा सगळ्यांत वाईट मार्ग आहे, आणि सध्या तोच सोयीचा म्हणून वापरला जातो.

पहिल्या वर्षाची सोबत म्हणजे नेमके काय, तेही सांगतो. आधारवरचा पत्ता बदलणे, शिधापत्रिका नव्या दुकानाशी जोडणे, वीजमीटर नावावर करणे, गॅसजोडणी, शाळेत मधल्या वर्षात प्रवेश, क्षयाचे किंवा दारू सोडण्याचे उपचार चालू असतील तर जवळच्या केंद्रात बदली. लिफ्टचे सेन्सर दार चपलेने अडवले की दार बिघडते, हे नोटीस लावून कळत नाही. पहिल्या आठवड्यात दोन संध्याकाळी लिफ्टजवळ उभे राहून दाखवावे लागते. पन्नास कुटुंबांमागे एक कार्यकर्ती पुरते. तिचा पगार २५,००० धरला तर घरटी महिना ५००, वर्षाला ६,०००. दहा लाखांच्या बांधकामात हा खर्च एक टक्क्याहूनही कमी आहे. तरीही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात तो धरलेला क्वचितच दिसतो, आणि मग ही सगळी कामे कुणा चांगल्या शेजाऱ्याच्या किंवा स्थानिक कार्यकर्त्याच्या गळ्यात पडतात.

सभासदत्वाबाबत कमिट्यांनी हट्ट सोडावा. सोडतीतले घर त्याच सोसायटीत असेल तर पात्र माणसाला सभासद करून घेणे बंधनकारक आहे. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय दिला नाही तर सभासदत्व मिळाले असे कायदाच मानतो. घरमालकाकडून पोलिस पडताळणी मागण्याला कायद्याचा आधार नाही. मागायचीच असेल तर सगळ्यांकडून सारखी मागा. आवारातली मोकळी जागा मंजूर नकाशात सगळ्या भूखंडावर मोजलेली असेल, तर पुनर्वसन इमारतीतल्या मुलांना बागेत येऊ न देणे किंवा मध्ये भिंत घालणे हे नकाशाचे उल्लंघन आहे. अशी भिंत दिसली तर पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडे मंजूर नकाशाच्या प्रतीसह तक्रार करता येते. मुलांना बागेच्या फाटकाबाहेर उभे करणारा रखवालदार आम्ही पाहतो तेव्हा त्याचा राग येत नाही. त्याला तिथे तसे उभे करणाऱ्या ठरावाचा येतो.

शासनाने दोन गोष्टी लगेच कराव्यात. पहिली, ताबापत्रासोबत प्रत्येक कुटुंबाला एक पान द्यावे: या इमारतीचा महिन्याचा खर्च किती, कॉर्पस किती, त्याचे व्याज किती आणि तुम्हाला किती भरायचे. दुसरी, कॉर्पस कुठल्या बँकेत, कुणाच्या सहीने ठेवला आहे, त्याचा दर सहा महिन्यांचा उतारा सोसायटीच्या फलकावर लागावा. अनेक पुनर्वसन सोसायट्यांच्या कमिट्यांना आपली ठेव कुठे आहे तेही माहीत नसते. ज्या सोसायट्यांना हा उतारा मिळालेला नाही, त्यांनी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे माहिती अधिकारात अर्ज करावा. अर्जात इमारतीचे नाव, सोसायटीचा नोंदणी क्रमांक, विकासकाने भरलेली रक्कम, भरल्याची तारीख आणि आजवरचे व्याज एवढे पाच मुद्दे वेगवेगळे विचारावेत.

आपले,
गृहनिर्माण संस्थांच्या हिशेब व व्यवस्थापनाचे काम करणारे काही जण,
ठाणे